एक घर, एक कुटुंब

८ मार्च १९८७, रविवार

निवडून आले! एकशे बारा घरांपैकी एकोणीस घरांनी मतदान केलं आणि माझ्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं. तरी निवडून येणं ते निवडून येणं. आजपासून मी विलो ग्लेन गृहमालक संघाची सेक्रेटरी. अमेरिकेतल्या हर्नडन गावाच्या या कोपऱ्यात आम्ही सात वर्षं राहतोय, आणि पाच जणांच्या कमिटीत पहिली सावळी बाई मीच.

अध्यक्ष ड्वाइट पर्सेल यांनी ओळख करून देताना 'सुचित्रा' तीनदा चुकवलं आणि शेवटी 'सू'वर समाधान मानलं. मग पाऊण तास चर्चा झाली ती एका घराच्या टपालपेटीच्या रंगावर. यांची लोकशाही गवताच्या उंचीपाशी सुरू होते आणि टपालपेटीपाशी संपते.

घरी येऊन उल्हासला सांगितलं. म्हणाला, "त्यांना टायपिस्ट हवी होती." बायकोचं कौतुक करायचं म्हटलं की नवऱ्यांच्या जिभेला फोड येतो.

२४ मार्च, मंगळवार

पहिली खरी बैठक. विषय एकच : ११३१ नंबर. आमच्यापासून एक दार सोडून रेयेस कुटुंब राहतं, एल साल्वादोरहून आलेलं. तिथं लढाई चालू आहे म्हणे. मार्टा रेयेस, तिचा नवरा, तीन मुलं, तिची म्हातारी आई, नवऱ्याचे दोन भाऊ आणि त्यातल्या एकाची बायको. नऊ माणसं, तीन बेडरूम, आणि दारात एक जुनाट पिकअप ट्रक.

ड्वाइट म्हणाला, "ही वस्ती कुटुंबांसाठी आहे, छावणीसाठी नाही." खजिनदार कॅरल म्हणाली, "आज नऊ आहेत, उद्या कोंबड्या पाळतील. हे लोक असेच वाढतात." नाताळात हीच कॅरल चर्चसमोर गरिबांसाठी घंटा वाजवत उभी असते. तिची दया बहुधा त्या घंटेसारखीच, हातातून खाली ठेवली की गप्प.

मीही बोलले. म्हटलं, "आम्ही शिकून, अर्ज करून, रांगेत उभं राहून या देशात आलो. रांग मोडून येणाऱ्यांमुळे आमच्यासारख्यांचंही नाव खराब होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सात वर्षांत माझ्या एका वाक्यावर इतक्या गोऱ्या माना एकदम डोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

बैठकीची टिपणं मी मराठीतच घेते. हात भराभर चालतो, आणि शेजारी बसलेल्या कॅरलला वाचता येत नाही हा जास्तीचा फायदा. टाइप करताना त्यातलं शोभेल तेवढंच इंग्रजीत उतरतं.

१४ एप्रिल, मंगळवार

ड्वाइटनं नव्या नियमाचा मसुदा आणला. माणूस तीस वर्षं विमा कंपनीत होता, पण एक वाक्य धड लिहिता येत नाही. सरळ करायला माझ्याकडे दिला. लॅबमधलं काम संपवून घरी आल्यावर तासाभरात करून टाकला. एक घर, एक कुटुंब. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुलं. बाकी कुणी साठ दिवसांहून जास्त राहिलं, तर ते 'अनधिकृत रहिवासी'. हा शब्द माझा.

त्याच्या मसुद्यात 'आईवडील चालतील' असं होतं. मी विचारलं, "मग रेयेसबाईची आई राहणारच की?" तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "सू, तू सगळ्याचा विचार करतेस." ती ओळ काढली.

२ मे, शनिवार

नियम मंजूर. एकतीस विरुद्ध नऊ. नऊ जण कोण ते कळलं नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा ते पटकन खाली घेत होते.

उल्हास भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. म्हणाला, "श्रीरंगचा व्हिसा आलाय. जूनमध्ये येतोय. लक्षात आहे ना?"

"माझा सख्खा भाऊ आहे. मीच नाही का सहा वर्षांपूर्वी स्पॉन्सर केला?"

"चार माणसं. साठ दिवसांत त्यांचं बस्तान बसेल?"

"अरे, नियम कोणासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"तेच तर," असं म्हणून त्यानं डिशवॉशरचं दार लावलं. याला बोलायला काही सुचलं नाही की हा 'तेच तर' म्हणतो.

१३ जून, शनिवार

श्रीरंग आला! डलेस विमानतळावर तासभर काचेला नाक लावून उभी होते. सामानाच्या गाडीमागून आधी भाचा नंदू दिसला, मग त्याची बहीण वीणा, मग भावजय पद्मिनी, आणि शेवटी श्रीरंग, नागपुरात कॉलेजात जायचा तसाच, शर्टाला पेन लावून. वाकून नमस्कार करायला लागला. मी म्हटलं, "अरे वेड्या, इथं लोक बघतात." दोन्ही मुलं झोपेतच 'आत्या' म्हणून चिकटली. गाडीत सगळे दाटीवाटीनं बसलो. नंदूला आमच्या लेकीनं, उत्तरानं, मांडीवर घेतलं. किती वर्षांनी घरात माझ्या माहेरची भाषा कानावर येणार!

५ जुलै, रविवार

लोकांना प्रेमानं समजावून सांगावं लागतं. पद्मिनीनं घरामागच्या लाकडी डेकवर दोरी बांधून धुणं वाळत घातलं होतं. मी दोरी काढली. म्हटलं, "इथं असं दिसलं तर आपल्याबद्दल मत वाईट होतं." मुलांना सांगितलं, पुढच्या अंगणात खेळू नका, मागे खेळा. मराठीत मोठ्यानं हाका मारू नका. कुणी विचारलं तर सांगा, सुट्टीला आलोय. मुलं शहाणी आहेत. आता घरातसुद्धा हळूच बोलतात.

श्रीरंगची मात्र कमाल आहे. कॉलेजात अकरा वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, आणि सध्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ल्यावर उभा राहतो. "सुरुवात कुठूनही करता येते, ताई," म्हणतो. ठीक आहे. पण सकाळी बसस्टॉपवर त्या रेयेस भावांशी हसून बोलत उभा असतो! मी म्हटलं, "त्या लोकांपासून जरा लांब राहा."

"का गं?"

"इथली समीकरणं तुला कळायची नाहीत."

नवीन माणसाला कळायला वेळ लागतोच. आमची उत्तरासुद्धा पंधरा वर्षांची घोडी, मार्टाच्या मोठ्या मुलीच्या वर्गात आहे. मी काही बोलले की "आई, तिचं नाव एलेना आहे, 'ते लोक' नाही," असं इंग्रजीतून ऐकवते. मराठीतून उद्धटपणा करायला शब्द पुरत नसावेत.

१८ ऑगस्ट, मंगळवार

संघाची टपालपेटी मीच उघडते. आज एक निनावी पत्र होतं. टाइप केलेलं, चार ओळींचं. अमुक घरात दोन महिन्यांहून जास्त काळ दोन कुटुंबं राहत आहेत, मुलं अंगणात परक्या भाषेत ओरडतात, कृपया नियम लागू करावा.

घर नंबर ११२७. मी आधी ११३१ असंच वाचलं. चूक असेल म्हणून पाकीट पाहिलं. ११२७ म्हणजे आम्ही.

मुलं अंगणात ओरडतात! त्यांनी दीड महिन्यात पुढचं अंगण पाहिलेलं नाही.

नियमाप्रमाणे तक्रार आली की सेक्रेटरीनं त्या घरमालकाला नोटीस टाइप करायची असते. मी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार

ड्वाइट स्वतः घरी आला. त्याच्याकडेही त्याच पत्राची प्रत आली होती. पद्मिनीनं चहा दिला, त्यानं कप हातात धरून ठेवला आणि प्यायला नाही.

"सू, हे तुमच्यासाठी नव्हतंच," तो म्हणाला. "तुम्ही लोक वेगळे आहात. डॉक्टर, इंजिनिअर. आम्ही तुमच्यापुरता अपवाद करू. कमिटीच्या अधिकारात बसतं ते."

मी आभार मानले.

"एकच मदत कर. रेयेसना आपण नोटीस दिलीय, तिची सप्टेंबरात सुनावणी आहे. त्यांच्या बाजूनं चर्चवाले ओरडणार, की हा वर्णद्वेष आहे. तू उभी राहून दोन शब्द बोललीस, तर कोण असं म्हणू शकेल?"

तो गेल्यावर उल्हासनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, आपल्याला अपवाद करताहेत. तो म्हणाला, "कशाच्या बदल्यात?" या माणसाला कुणाचा चांगुलपणा दिसतच नाही.

पद्मिनी तो भरलेला कप धुवत होती. बराच वेळ धुवत होती.

१५ सप्टेंबर, मंगळवार

सुनावणी झाली. शाळेच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं. एरवी ही मंडळी बैठकीला फिरकत नाहीत. कुणालातरी घालवायचं म्हटलं की यांचं नागरिकत्व जागं होतं. मागे एकानं गाडीवर लावायचा स्टिकर छातीवरच चिकटवला होता, 'अमेरिकेत इंग्रजी बोला'. त्यातलं स्पेलिंग चुकलेलं होतं.

आधी मार्टा रेयेस बोलली. स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची, मग एलेना इंग्रजीत सांगायची. "माझ्या आईला परत कुठं पाठवू? आमचं गाव आता नाही. घर नाही असं नव्हे, गावच नाही." म्हातारी पहिल्या रांगेत चर्चला जायचे कपडे घालून बसली होती. तिला काही कळत नव्हतं, पण प्रत्येक बोलणाऱ्याकडे बघून मान हलवत होती. माझ्याकडे बघूनही हलवली.

रडवून मतं मिळवायची ही जुनी पद्धत आहे. मी पाणी प्यायले आणि उठले. लिहून आणलं होतं ते वाचलं. मी स्वतः बाहेरून आले आहे, मी हा नियम मानते, नियमात राहणाऱ्या कुणालाही या वस्तीत त्रास नाही. आवाज एकदाही अडला नाही. टाळ्या वाजल्या. स्टिकरवाल्यानं उभं राहून वाजवल्या.

श्रीरंग आणि पद्मिनी शेवटच्या रांगेत आले होते, ते मला नंतर दिसलं. परतताना गाडीत श्रीरंग म्हणाला, "ताई, उच्चार अगदी स्वच्छ होते." मला बरं वाटलं. इंग्रजीचा मास्तर आहे, उगीच म्हणायचा नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

श्रीरंग गेला. शॉपिंग सेंटरमागे दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलंय. आठ दिवस आधी सांगितलं, तेही जेवताना, मीठ मागावं तसं. मी म्हटलं, "अरे, अपवाद केलाय ना आपल्याला! आता तर कुणी बोट लावू शकत नाही."

"हो ना," तो म्हणाला. "पण दुकान तिथून जवळ पडतं."

सामान न्यायला कोण आलं असेल? रेयेसांचा तो पिकअप! मार्टाचा दीर आणि श्रीरंग आमच्या दारातून गाद्या उचलत होते, आणि समोरच्या खिडकीत कॅरलचा पडदा हलत होता. मी श्रीरंगला आत बोलावून म्हटलं, "दिवसाढवळ्या, माझ्या दारात? उल्हासनं व्हॅन आणली असती."

"त्यांनी विचारलं, ताई. मी विचारलं नव्हतं."

पद्मिनीनं निघताना हळदकुंकू लावून घेतलं, 'येते' म्हणाली. मुलं रीतसर 'थँक यू आत्या' म्हणाली. थँक यू! कुणी शिकवलं कोण जाणे. उत्तरा त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसून गेली आणि जेवायला परत आली नाही.

माणसं हल्ली फार हळवी झाली आहेत.

२८ सप्टेंबर, सोमवार

घर मोठं वाटतं. व्हॅक्यूम केलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

बैठक. रेयेसांकडच्या जास्तीच्या माणसांना घर सोडायला महिन्याची मुदत द्यायची असं ठरलं. मग ड्वाइट म्हणाला, ११४० नंबर विकायला आहे, आणि घर बघायला एक भारतीय जोडपं आलं होतं. आमच्याखेरीज कोपऱ्यावर आधीच एक भारतीय घर आहे. "एक असलं की छान वाटतं. तीन झाले की घाऊक होतं."

सगळे हसले. मग मी तिथं बसले आहे हे कॅरलच्या लक्षात आलं. ड्वाइटच्याही आलं, पण तो डगमगला नाही. माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाला, "हे इतिवृत्तात नको हं, सू. तुला माहीतच आहे, मी कुणाबद्दल बोलतोय."

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

मी लिहून घेतलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

मिस काउफमन म्हणून एक तरुण वकीलबाई आली. चर्चच्या एका गटातर्फे रेयेसांची बाजू लढवते. बुटांना चिखल, केस विस्कटलेले. हिला केस कोण देतं, असंच आधी वाटलं. तिनं मात्र नेमकं विचारलं. छापलेल्या इतिवृत्तात नुसते ठराव आहेत. नियम करताना बोलणं काय झालं? माणसांचा मूळ देश बघून नियम केलेला असेल, तर तो कोर्टात टिकत नाही.

"तुम्ही सेक्रेटरी आहात. हातानं लिहिलेली टिपणं असतील ना?"

मी म्हटलं, "ती मराठीत आहेत."

"मग तुम्हालाच वाचून दाखवावी लागतील."

मी विचार करून सांगते म्हणाले. दार लावलं. उल्हास जिन्यात उभा होता. मला वाटलं आता काहीतरी ऐकवेल. नुसतं विचारलं, "सगळं लिहिलंयस का त्यात?"

"सगळं."

"तू बोललेलंही?"

मी भाजी चिरायला गेले.

२० ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस स्वतःशी वाद घातला. इथं खोटं लिहून काय मिळणार? माझा राग रेयेसबाईसाठी नाही. तिच्यासाठी मला मार्चमध्ये राग यायला हवा होता, तेव्हा आला नाही. राग आला तो 'घाऊक' या शब्दाचा. मी इतकी वर्षं स्वतःला नमुना समजत होते, दुकानदारानं काचेत वेगळा ठेवलेला. त्याच्या लेखी मी पहिला डबा होते.

मिस काउफमनला फोन केला. हो म्हटलं.

४ नोव्हेंबर, बुधवार

जबानी झाली. तिच्या ऑफिसात लांब टेबल, एका बाजूला संघाचा वकील आणि ड्वाइट, टाइप करणारी एक बाई, आणि मी माझ्या वह्या घेऊन. शपथ घेतली. मराठीतून वाचायचं आणि लगेच इंग्रजीत सांगायचं.

'छावणी' सांगितलं. 'कोंबड्या' सांगितलं. 'घाऊक' सांगितलं, तेव्हा ड्वाइट टाय सैल करून छताकडे बघायला लागला. मला मजा वाटत होती, हेही लिहून ठेवते. प्रत्येक वाक्यागणिक त्याचा चेहरा लाल होत होता, आणि मी शब्द निवडून निवडून सांगत होते.

मग मिस काउफमननं संघाकडून मिळालेला ड्वाइटचा मसुदा पुढे ठेवून विचारलं, "मूळ मसुद्यात आईवडिलांना परवानगी होती. ती ओळ काढावी असं कोण म्हणालं?"

वही समोर होती. त्यात नाव लिहिलेलं नव्हतं. स्वतःचं नाव कोण लिहितं! दुसऱ्या कुणाचं सांगितलं असतं तर ड्वाइटशिवाय कुणाला कळणार होतं? मराठी येणारं त्या खोलीत कोण होतं?

"मी," असं म्हटलं.

"'अनधिकृत रहिवासी' हे शब्द?"

"माझे."

"'रांग मोडून येणारे' असं कुणी म्हटलं?"

"मीच."

टाइप करणाऱ्या बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. संघाचा वकील पुढे सरसावून म्हणाला, "म्हणजे वर्णद्वेषाचा आरोप आपण स्वतःवर करताय, मॅडम?" ड्वाइट पहिल्यांदा हसला. म्हणाला, "तेच तर आम्ही म्हणतोय. हा नियम तिनं लिहिलाय."

त्याच्यासारख्या माणसाबरोबर माझं नाव एका कागदावर येणार, आणि ते खोटं नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

राजीनामा दिला. कॅरल दुकानात भेटली आणि सफरचंदांच्या ढिगाआडून निघून गेली. आठ महिने मी या बाईच्या पाककृती टाइप करून देत होते.

५ डिसेंबर, शनिवार

संघानं तडजोड केली. रेयेसांवरची नोटीस मागे, आणि नियमही रद्द. कोर्टात माझी जबानी वाचली गेली तर वर्तमानपत्रात येईल याची भीती. सद्सद्विवेक वगैरे काही नाही, घरांची किंमत उतरली असती. ड्वाइट पुन्हा अध्यक्ष म्हणून उभा राहणार आहे आणि निवडून येणार आहे.

मार्टा रेयेस टपालपेट्यांपाशी भेटली. मला वाटलं काहीतरी म्हणेल. मीच इंग्रजीत म्हटलं, अभिनंदन. तिनं मान हलवली, पत्रं घेतली आणि गेली. मला जरा लागलं. नंतर वाटलं, तिनं काय म्हणायला हवं होतं? आईला राहू दिल्याबद्दल आभार?

१२ डिसेंबर, शनिवार

श्रीरंगकडे गेले. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच. दिवाळीला त्यांनी बोलावलं होतं, मीच लॅबची ड्यूटी सांगितली होती. उत्तरा येणार म्हणाली, पण तिला वाट दाखवावी लागली नाही. दर शनिवारी ती तिथंच असते हे मला आज कळलं.

दोन खोल्या, जमिनीवर गाद्या, आणि बाल्कनीत इकडून तिकडे धुणं. नंदू आणि वीणा इतक्या मोठ्यानं भांडत होती की मला दाराबाहेरूनच ऐकू आलं. पद्मिनी त्यांच्यावर त्याहून मोठ्यानं ओरडत होती. मला पाहून सगळे एकदम हळू बोलायला लागले.

बसले. श्रीरंगनं पाणी दिलं. त्याला कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी इंग्रजी शिकवायचं काम मिळालंय, नव्यानं आलेल्या लोकांना. मार्टाचे दोन्ही दीर त्याच्या वर्गात आहेत.

मी जबानीचं सगळं सांगितलं, माझ्या वाक्यांसकट. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही 'असू दे गं' म्हणाला नाही. मला वाटत होतं, म्हणेल.

मग मी म्हटलं, "नियम गेलाय, श्रीरंग. आता परत या. तळघर रिकामंच आहे. हवे तितके दिवस राहा. कुणी काही बोलू शकत नाही."

तो हसला नाही, रागावलाही नाही. लहानपणी मी त्याला गणित चुकीचं शिकवलं की जसा बघायचा, तसा बघत म्हणाला, "ताई, नियम गेला ते चांगलं झालं. पण आम्ही नियमामुळे गेलो नव्हतो."

पद्मिनी आतून म्हणाली, "पानं वाढलीत, चला." माझ्यासाठीही वाढलं होतं.

उठले, हात धुतले, आणि त्यांच्यात जमिनीवर जेवायला बसले.